सबनीस डॉक्टरांचं मत

इंग्लंडहून मतपत्रिका यायची असली, की सबनीस डॉक्टर सकाळी दाढी करून, टाय लावून लेटरबॉक्सपाशी उभे राहत. न्यूझीलंडमधलं आमचं हॉर्नबी म्हणजे जांडल्स, रबरी चपला घालून बँकेत जाणारी माणसं. त्यांना हे म्हातारबुवा कुणाच्या लग्नाला निघालेत असंच वाटे.

कोपऱ्यावर माझं औषधांचं दुकान. डॉक्टर ब्लडप्रेशरच्या गोळ्या न्यायला येत आणि तासभर बसत. उत्तर इंग्लंडातल्या एका गावात त्यांनी आयुष्य काढलं होतं. पत्नी तिथल्याच छोट्या इस्पितळात वारल्या. वर्षाच्या आत घर विकून डॉक्टर न्यूझीलंडला आले. आईचं घर विकलं म्हणून मुलगा अभय रागावला, आणि बोलणं जे थांबलं ते थांबलंच. भांडणाचं विचारलं की म्हणत, "केमिस्टबुवा, त्या गोष्टीला आता मोतीबिंदू झालाय. सोडा."

इंग्लंड सोडून परदेशी गेलेल्यांना तिथल्या निवडणुकीत पंधरा वर्षं मत देता येई. डॉक्टरांचं चौदावं सरत असताना त्यांच्या जुन्या गावचा खासदार वारला आणि पोटनिवडणूक लागली. गावातलं ते छोटं इस्पितळ बंद करायचं घाटत होतं. ते वाचवायला त्यांच्या जुन्या वॉर्डातली सिस्टर अपक्ष उभी राहिली. डॉक्टरांनी तिला पत्र धाडलं, माझं मत तुला.

पोटनिवडणुकीत दिवस थोडे. मी म्हटलं, "डॉक्टर, पोस्टाचं काही खरं नाही. प्रॉक्सी द्या, म्हणजे तुमच्या वतीनं तिथलं कुणी मत टाकेल. अभय तिथंच राहतो, एक फोन करा."

"मत म्हणजे गोळ्या नव्हेत, दुसऱ्यानं आणून द्यायला," ते म्हणाले. खरं कारण आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी विषय वाढवला नाही.

मतपत्रिका मतदानानंतर दोन दिवसांनी आली. सिस्टर पडली होती. डॉक्टरांनी माझ्या काउंटरवरच सिस्टरच्या नावापुढे फुली मारली, पाकीट चिकटवलं.

"आता कशाला?" मी विचारलं.

"तिला शब्द दिला होता." मग पाकीट कोटाच्या खिशात ठेवत म्हणाले, "फोन करायला हवा होता हो." त्यांचा आवाज इतका लहान झालेला मी कधी ऐकला नव्हता.

त्याच हिवाळ्यात ते झोपेतच गेले. अभय आला. अंत्यसंस्कार उरकल्यावर डॉक्टरांच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघंच चहा घेत बसलो होतो. त्यानं बॅगेतून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. प्रॉक्सीचा फॉर्म होता. त्याचं नाव, पत्ता, सगळं भरलेलं.

"बाबांची फक्त सही हवी होती, काका. मला वाटलं, निदान यासाठी तरी विचारतील. मतदानाच्या दिवशी रजासुद्धा टाकली होती."

"मग तूच का नाही केलास फोन?"

"मत त्यांचं होतं ना," तो म्हणाला आणि रडायला लागला.

मला त्याच्याकडे बघवेना. त्याचा नंबर माझ्या दुकानात होता. अडीअडचणीला असू द्या म्हणून डॉक्टरांनीच तो लिहून दिला होता. मी तो पहिल्यांदा फिरवला, ते त्याचे वडील गेले हे सांगायला.