दोन पायांची दोन मापं

माझी धाकटी जाऊ लोकरीच्या जाड कापडाच्या सपाता शिवते. घरात तिला सगळे टाचणी म्हणतात. एक तर अंगाने तशीच, आणि तोंडात कायम टाचण्या धरून बोलते, त्यामुळे तिचं निम्मं वाक्य आपणच पुरं करायचं.

माझ्या डाव्या अंगठ्याचं हाड बाहेर आलंय. दुकानातली जोडी एका पायाला बसली की दुसऱ्याला छळते. टाचणी मात्र गिऱ्हाइकाला दोन्ही पाय कागदावर ठेवायला लावते, भोवती पेन्सिल फिरवते आणि प्रत्येक पायाची सपात वेगळी कापते. त्याशिवाय कात्री चालवायची नाही, हा तिचा हट्ट.

दीर गेल्यावर तिने घराखालची एक खोली भाड्याने घेतली. आधी बरं चाललं. मग आसपासचे सगळे दुखरे पाय शिवून झाले, आणि मेल्या सपाता काही फाटेनात! तिचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, वैतागला.

"आई, ऑनलाइन विक. महिनाअखेरीला खोलीचं भाडं यातून निघालं तर ठीक. नाहीतर खोली सोडायची आणि माझ्याकडे राहायला यायचं. कबूल?"

तिने मान हलवली. नकार द्यायचा तर टाचण्या काढाव्या लागल्या असत्या.

सुईपासून फ्रिजपर्यंत सगळं विकणाऱ्या एका मोठ्या ऑनलाइन बाजारात त्यानेच तिचं दुकान थाटून दिलं. दुसऱ्याच दिवशी मागण्या. मी खूश. ही मात्र फोनकडे बघत बसलेली.

"जाऊबाई, यात नुसतं 'आठ नंबर' लिहिलंय. आठ नंबर म्हणजे कुणाचा पाय?"

"अगं, आठ नंबरचा असेल त्याचा!"

तिने बरीच चुळबुळ करून, पहिल्यांदाच नुसत्या नंबरावर जोड्या शिवून पाठवल्या, पण प्रत्येक डब्यात एक चिठ्ठी घातली. सपाता टोचल्या तर दोन्ही पायांची रेघ काढून पाठवा, फुकट दुसऱ्या शिवून देईन. खाली फोन नंबर. मला पत्ता नाही. बाजाराची तंबी आली तेव्हा कळलं. गिऱ्हाइकाशी परस्पर संपर्क केल्याबद्दल ही पहिली आणि शेवटची सूचना. पुन्हा केलंत तर दुकान बंद, आणि जमा झालेले पैसेही अडकणार.

"चिठ्ठी कशाला घातलीस गं?"

"मग त्यांचा पाय मला कळणार कसा?"

मी चष्मा चढवून दुसरा बाजार शोधला. फक्त हाताने केलेल्या वस्तूंचा. तिथे गिऱ्हाईक चित्र जोडू शकत होतं, निरोप लिहू शकत होतं, शिवायला वेळही मिळत होता. पण गिऱ्हाईक तुरळक, वस्तू मांडायचे पैसे आधीच द्यायचे, आणि पहिल्या विक्रीला धीर धरा असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलेलं. महिना संपत आला होता. धीर कुठून आणणार?

शेवटच्या शुक्रवारी मोठ्या बाजारात एकदम बऱ्याच मागण्या आल्या. त्या संध्याकाळपर्यंत रवाना केल्या की भाडं सुटत होतं. नंबरावर शिवलेल्या तयार जोड्या फळीवर होत्या. डबे मी स्वतः उघडून ठेवले. टाचणीने एक जोडी उचलली, आत हात घालून बोटं पसरली, परत ठेवली. पुन्हा तेच.

"भर लवकर! पाच वाजता गाडी येईल."

"भरते."

गाडी आली. माणूस दारात उभा. टाचणीने तोंडातल्या टाचण्या काढल्या, आणि मी हातातला डबा खाली ठेवला.

"दादा, आज काही नाही."

मग तिने एकेक मागणी रद्द केली. मी तोंड सोडलं. डोकं ठिकाणावर आहे का, पोराला काय सांगणार, सगळं बोलून घेतलं. ती म्हणाली, "त्या दुसऱ्या बाजारात फोटो चढवायला मदत करता का? रागावून केली तरी चालेल."

केली. काय करते!

रविवारी पुतण्या आला. फळीवरच्या जोड्या पाहून त्याला न सांगता समजलं.

"काकू, तुम्ही तरी सांगायचं होतंत."

"मी सांगत नव्हते तर काय भजन करत होते?"

तेवढ्यात टाचणीचा फोन वाजला. दुसऱ्या बाजारातली पहिली मागणी. सोबत दोन पायांची रेघ. उजवा पाय धड, डाव्याला बोटंच नाहीत. खाली लिहिलं होतं, 'बुटात कापूस कोंबून चालते. तुम्हाला जमेल का?'

टाचणीने ती रेघ मोठी करून कागदावर उतरवायला घेतली. पुतण्या तिच्या डोक्यावर उभा.

"एका जोडीत भाडं निघतं का, आई?"

"नाही निघत."

"मग ठरल्याप्रमाणे—"

"ठरलेलं निम्मं ऐकते." तिने खिशातून किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली. "खोली सोडते. शिवायचं टेबल वर घरात, स्वयंपाकघरात लावते. तुझ्याकडे मात्र येत नाही."

"आणि जेवणार कुठे? टेबलाखाली?"

"हातात ताट घेऊन. तूही."

तो लाल झाला. माझ्याकडे पाहिलं, मी पंख्याकडे. टाचणीने कात्री उचलली. डाव्या पायाचा तुकडा कापून झाल्यावर तिने टेबल रिकामं केलं. पुतण्या पुटपुटत वाकला आणि एक टोक त्याने धरलं. दुसरं तिने. जिन्याच्या वळणावर टेबल अडकलं, तेव्हा दोघं एकमेकांवर ओरडत होते.