निकालाशेजारची चार टिंबं

काचकाका काच हातात घेतली की श्वास रोखायचे. क्रांती चौकाजवळच्या आमच्या लॅबमधले ते सगळ्यात जुने तपासनीस; तिथं टायफॉईडची तपासणी काचेवर व्हायची. रक्तातलं पिवळं पाणी आणि औषध यांचे थेंब मिसळायचे, काच डोलवायची आणि मिनिटभरात रव्यासारख्या गुठळ्या धरतात का ते पाहायचं. "मिनिटाच्या पुढं काच खोटं बोलती," काका म्हणायचे. सुकत्या थेंबातही गुठळ्यांचा भास होतो. शंका आली की ते निकालाशेजारी पेन्सिलीनं टिंब द्यायचे आणि तपासणी पुन्हा करायला लावायचे.

ती दुष्काळाची वर्षं. शहर पडेगावच्या पुढं पसरत होतं आणि नळाला पाणी आठवड्यानं. तापाचे रोगी इतके वाढले, की लॅबच्या मालकीण डॉक्टरबाईंनी थेंबाचा फोटो काढून गुठळ्या मोजणारं यंत्र आणलं. काका म्हणाले, "फोटो लई ब्येस काढतंय. लग्नाला न्या."

पण आधी पारख ठरली. एकच काच अगोदर यंत्राखाली, लगेच काकांकडे. निकाल जुळले तर काका राहणार, नाही तर त्यांच्या जागी यंत्र. काचा नेणारी मी. नवऱ्याची नोकरी गेली म्हणून सहाच महिन्यांपूर्वी तिथं लागलेली.

त्या दुपारी गल्लीत टँकर आला. फोटो झालेल्या चार काचा टेबलावर ठेवून मी कॅन घेऊन धावले. परतले, तर कोरड्या कूलरच्या गरम वाऱ्यानं थेंबांचे काठ आकसलेले. तपासणी पुन्हा करायला हवी होती. बाई रागावतील म्हणून तशाच नेल्या.

"थेंब आत्ताच टाकले का गं?" काकांनी विचारलं.

"व्हय काका, आत्ताच."

काकांनी बाईंना निकाल वाचून दाखवले: चारही काचांत गुठळ्या. यंत्र म्हणत होतं, एकीतही नाहीत.

"काका, डोळे थकले हो तुमचे," बाई म्हणाल्या. काकांनी चष्मा पुसला, माझ्याकडं पाहिलं. शेवटच्या दिवशी एवढंच म्हणाले, "यंत्राला तहान नाय लागत. तू पानी पीत जा येळेवर." ते काय होतं, माया की टोमणा, मला कळलं नाही.

यंत्रापुढची खुर्ची मला मिळाली. दहा वर्षांनी, लॅब हलवताना, काकांचा त्या दुपारच्या निकालांचा कागद सापडला. चारही निकालांशेजारी पेन्सिलीची टिंबं.

म्हणजे त्यांना कळलं होतं. मग बोलले का नाहीत? मला सांभाळलं, की मी बोलेन म्हणून वाट पाहिली? उलटसुलट विचार करते, काही ठरत नाही. विचारावं, तर काका आता नाहीत.

बाई मात्र अजून येतात. परवा तो कागद त्यांच्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "बाई, त्या दिवशी काचांवरचे थेंब आत्ताच टाकलेले नव्हते."