तारणाची तारीख

माझ्या आत्याला एका माणसाने भर सभेत विचारलं, "आंटीजी, आपका उद्धार किस दिन हुआ?" आणि त्या दिवसापासून आत्याने प्रभुभोजन घेणं सोडलं. गोष्ट एवढीच. पण ती सांगताना आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, तेव्हा आवाज चढला तर चढू दे.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. धारला एकटी राहायची. लग्न केलं नाही, उभा जन्म मिशनच्या दवाखान्यात रोग्यांसाठी पेज आणि खिचडी रांधण्यात गेला. आमचे कोणी पूर्वज धारच्या दरबाराबरोबर घोड्यांची जिनं शिवत माळव्यात आले आणि पुढे आजोबांनी बाप्तिस्मा घेतला. तेव्हापासून इथली मराठी माणसं आम्हाला किरिस्ताव म्हणतात आणि चर्चमधले हिंदीवाले आम्हाला मराठे म्हणतात. धड ना इकडचे, धड ना तिकडचे. आत्याला त्याचं काही वाटत नसे. उपासना हिंदीत चालायची आणि ती मांडीवर आजोबांचं मराठी शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून बसायची. चर्चला ती शेवटपर्यंत देऊळच म्हणत आली.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि इवल्याशा पेल्यात द्राक्षारस. तो द्राक्षारस आत्या घरी करायची, बाटलीतला तिला चालत नसे. शनिवारी काळे मनुके निवडायचे, धुऊन भिजत घालायचे, टम्म फुगले की त्याच पाण्यात मंद आचेवर शिजवायचे, पळीने चेचायचे आणि जुन्या मलमलच्या फडक्यातून गाळायचे. साखरेचा कणही नाही. कुणी म्हटलं, आत्याबाई, फार तुरट लागतो हो, तर फटकन सांगायची, "प्रभू काय गोडाचा पेला प्याला होता?" शेजारच्या बायका वासावरूनच ओळखायच्या की उद्या देवळात काहीतरी आहे.

तर हा नवा पाळक, म्हणजे पास्टर. तरुण, गिटार वाजवणारा, बोलायला गोड, कुठूनसा नव्या पद्धतीचं शिकून आलेला. माणूस वाईट नव्हता, हे मी दात-ओठ खात का होईना, कबूल करते. आल्या आल्या त्याने बुधवारची गवाही सभा सुरू केली. म्हणजे काय, तर एकेकाने उभं राहायचं आणि आपलं तारण कसं झालं ते सांगायचं. तारीखवार सांगायचं. कुणी त्या दिवशी दारू सोडली, कुणी त्या दिवशी सट्टा सोडला, एकाला तर ट्रक उलटला तेव्हा प्रभू दिसला. लोक टाळ्या वाजवायचे. मी म्हणते, वाजवा. दारू सुटली तर टाळी वाजवायलाच हवी. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

मग एका बुधवारी आत्याची पाळी आली. मी तिथे नव्हते, मी देवासला शाळेत शिकवते, पण नंतर आत्यानेच सगळं सांगितलं. ती उभी राहिली आणि म्हणाली, "भिया, मुझे तो याद ही नहीं कि मैं कभी उसकी नहीं थी."

अहो, यापेक्षा मोठी साक्ष कुणी द्यावी? ज्या बाईने ऐंशी वर्षांत एक दिवस प्रार्थनेशिवाय भाकरी मोडली नाही, ती आणखी काय सांगणार? पण आमचे पाळकसाहेब हसले. म्हणाले, "नहीं आंटीजी, ऐसे नहीं चलता. ईसाई घर में पैदा होने से कोई ईसाई नहीं हो जाता. जन्मदिन याद रहता है ना? वैसे ही नए जन्म का दिन भी याद रहना चाहिए." आणि एवढ्यावर थांबतील तर शपथ. त्यांनी सगळ्या सभेला डोळे मिटायला लावले आणि आत्याच्या तारणासाठी प्रार्थना करवली. ज्यांच्या बाळंतपणात आत्याने डिंकाचे लाडू करून दिले होते, त्या बायका डोळे मिटून आत्याला वाचव म्हणून प्रभूला विनवत होत्या. आणि आत्या मधोमध उभी.

मला कळलं ते ईस्टरच्या प्रभुभोजनाला. मी धारला गेले होते, तिच्या शेजारीच बाकावर बसले होते. पेल्यांचं तबक आलं. आत्याने ते दोन्ही हातांनी घेतलं आणि न थांबता माझ्याकडे सरकवलं. मला वाटलं, विसरली. मी हळूच कोपराने ढोसलं. तिने मान हलवली आणि शास्त्रात डोकं घातलं. स्वतःच्या हातचा द्राक्षारस, आदल्या दिवशी मीच फडकं धरलं होतं गाळायला, आणि ही बाई त्याला शिवली नाही.

घरी पेले विसळताना मी तिला खोदून खोदून विचारलं, तेव्हा ती बुधवारची हकीकत निघाली. मी भडकले. म्हटलं, "कालचा पोर तो, त्याच्या सांगण्याने तू उपाशी राहणार?"

"तो सांगतो म्हणून नाही गं," ती म्हणाली. "मी शोधून पाहिलं. खरंच दिवस सापडत नाही. आणि अयोग्य रीतीने पेला घेतला तर दंड आपल्यावरच येतो, असं शास्त्रात आहे. नसेल झालं माझं तारण तर?"

ऐंशी वर्षांची म्हातारी, पेला फडक्याने पुसता पुसता मला विचारते, नसेल झालं तर? मी तिला इतकी घाबरलेली कधी पाहिली नव्हती, अगदी माझे वडील गेले तेव्हासुद्धा नाही. आमच्या आजोबांनी पोरांना एकच धाक घातला होता, की प्रभूच्या पंक्तीत खोटेपणाने बसायचं नाही. आणि तो धाक नेमका अशा माणसाला लागू झाला, जिच्यात खोटेपणा औषधालाही नव्हता.

मी तशीच पाळकाच्या घरी गेले. चहा ठेवू का म्हणाला, म्हटलं राहू दे. म्हटलं, "पास्टरजी, माझ्या आत्याची जन्मतारीख माहीत आहे तुम्हाला? दाखल्यावर एक जुलै आहे. तिच्या वेळच्या अर्ध्या धारची एक जुलै आहे, कारण शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी सगळ्यांची तीच लिहिली. खरा दिवस तिच्या आईलाही ठाऊक नव्हता. मग काय, आत्या जन्मलीच नाही?"

तो म्हणाला, "दीदी, मैंने तो बस पूछा था."

"बस पूछा था! शेजारच्या वधस्तंभावर मरणाऱ्या त्या चोराला प्रभूने काही विचारलं होतं का? ना बाप्तिस्मा, ना सभा, ना गवाही. माझी आठवण ठेव म्हणाला, झालं, बेडा पार. प्रभूच्या गोष्टीत संध्याकाळी मळ्यात आलेल्या मजुरालाही पुरी मजुरी मिळाली. आणि जी बाई पहाटेपासून राबते आहे, तिला तुम्ही हजेरी विचारता?"

"दीदी, आप बहुत गुस्सा करती हैं," तो शांतपणे म्हणाला. "गुस्सा भी पाप है."

झालं. मी उठले आणि त्या दिवसापासून त्याच्या उपासनेला पाय ठेवला नाही. धारला जायची, आत्याला भेटायची, तिला देवळाच्या फाटकापर्यंत सोडायची आणि स्वतः बाहेर रस्त्यावर पोह्यांच्या गाडीपाशी उभी राहायची. आतून गाणं ऐकू यायचं. गाडीवाला म्हणायचा, "दीदी, आप अंदर नहीं जातीं?" मी म्हणायची, तू जिरावणाचा मसाला टाक वरून आणि गप्प राहा.

आत्या मनुके उकळत राहिली. महिनेच्या महिने, इतरांसाठी.

पावसाळा सरता सरता तिने अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, घरीच ठेवा. मी शाळेतून रजा घेऊन धारला येऊन राहिले. बोलायला तिला धाप लागायची, पण मन त्याच एका गोष्टीभोवती घुटमळत होतं. मला दिसत होतं, तिला जायच्या आधी एकदा पेला हवा होता आणि मागायची हिंमत होत नव्हती.

एके दिवशी दुपारी मी पुन्हा तिला समजवायला बसले. म्हटलं, "आत्ये, त्या दोन मुलांच्या बापाची गोष्ट घे. धाकटा घर सोडून गेला, पैसा उधळला, डुकरं राखली आणि परत आला. त्याला तारीख आहे, परत आला तो दिवस. पण थोरला? तो कुठे गेलाच नव्हता. बापच त्याला म्हणतो, तू तर नेहमी माझ्याजवळच आहेस, माझं ते सगळं तुझंच. थोरल्याला कुठली आलीय तारीख? तो घरातच होता. तू घरातच होतीस, आत्ये."

माझा मलाच अभिमान वाटला. म्हटलं, आता कसं पटतं बघू.

आत्या छताकडे बघत म्हणाली, "पण थोरला घरात नव्हता गं. आत जेवण चाललं होतं आणि तो रागावून बाहेर उभा होता. धाकट्याचे लाड झाले म्हणून. आत आला की नाही, ते लिहिलेलंच नाही." धाप लागली म्हणून थांबली. मग माझ्याकडे वळली. "देवळाच्या फाटकाबाहेर पोह्यांच्या गाडीपाशी कोण उभं असतं?"

मला राग आला. मरायला टेकलेली बाई, तिच्यासाठी मी भांडले, आणि तिने उलट मलाच पकडलं.

"पण बाप," ती पुढे म्हणाली, आता जरा स्वतःशीच, "बाप त्याच्यासाठीही बाहेर आला होता. समजूत घालायला. धाकट्यासाठी धावला, थोरल्यासाठीही पंगत सोडून उठला. म्हणजे बापाने कुणालाच तारीख विचारली नाही बघ." आणि ती हसली. कितीतरी महिन्यांनी. "बोलव त्या पोराला. मी घेते पेला. पण तूही घेणार असशील तर. नाहीतर दोघी राहू बाहेर."

मनुके मी शिजवले. घाईत नीट गाळले नाहीत, आणि खरं सांगते, तिला तुरट लागू नये म्हणून चिमूटभर साखरही टाकली. गुरुवारी पाळक आला. खुर्चीवर बसून त्याने प्रार्थना म्हटली, भाकरी मोडली आणि पेला आत्याच्या ओठांना लावला. तिने घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "साखर घातलीस, सटवे." मग सगळा प्याली. नंतर त्याने पेला माझ्यापुढे धरला. ज्या हाताने माझ्या आत्याला एवढे महिने उपाशी ठेवलं, त्याच हातातून घ्यायचा. घेतला.

चार-सहा दिवसांत आत्या गेली. झोपेत, शांतपणे.

आणि अंत्यविधीला हा माणूस उभा राहून सांगतो काय, "हमारी आंटीजी सारी ज़िंदगी चर्च आती रहीं, पर उद्धार उन्हें आखिर में मिला. इसी महीने, गुरुवार के दिन, मेरे सामने." लोक मान डोलवत होते. कुणीतरी हल्लेलुया म्हटलं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उठले, पदर खोचला आणि दाराकडे वळले. बाहेर पोह्यांची गाडी दिसत होती. तिथवर नजर गेली आणि पाय थबकले. समोर शवपेटीत आत्या, आणि मी पुन्हा बाहेर जाऊन उभी राहणार होते. नाही गेले. पण परत बसले म्हणजे गप्प बसले असं नाही. जागेवरूनच मोठ्याने म्हणाले, "पास्टरजी, वो तारीख आपकी है. उस दिन आपको पता चला."

पाळकाचा चेहरा पडला. त्याने हार्मोनियमवाल्या बाईंना गाणं सुरू करायची खूण केली. मी शेवटच्या ओळीपर्यंत आत बसून गायले, आणि रडलेही, रागाने आणि तिच्यासाठी, दोन्ही.

मग राहिला कबरीचा दगड. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी सुचवलं, हल्लीच्या पद्धतीप्रमाणे तीन तारखा कोराव्यात, जन्माची, उद्धाराची आणि मृत्यूची. मी म्हटलं, दगडाचं मी बघते. दगड घडवणाऱ्याकडे गेले. तो छिन्नी पुसत म्हणाला, "दीदी, तारीखें लिखवा दो."

"तारीख एक भी नहीं चाहिए, भिया."

"तो फिर लिखूँ क्या?"

मी कोळशाने फरशीवर मराठीत लिहून दिलं, 'घरातच होती'. त्याने अक्षर अक्षर लावून वाचलं आणि विचारलं, याचा अर्थ काय.

म्हटलं, "मतलब, कहीं गई ही नहीं थी."