खदीजाने खाली ठेवलेला कप

दुपारचं जेवण उरकून हेमांगी पलंगावर कलंडते. खाली फरशीवर, बिनकानाच्या इवल्या कपात वेलदोडा घातलेली कोरी कॉफी तशीच आहे. केली खरी, पण तिच्याने पिववत नाही. जॉर्डनमधल्या निर्वासितांच्या छावणीत ती नर्स आहे. तिथली तिची जिवलग, सीरियाची खदीजा, महिन्यापूर्वी गेली, आणि हेमांगी नेमकी रजेवर इथे सांगलीला. तेव्हापासून तिने देवापुढे दिवा लावलेला नाही. "जिचं घर नेलंस, लेक नेलास, तिलाही नेलंस? बस आता अंधारात," असं तिने देवाला तोंडावर सुनावलंय.

डोळा लागतो न लागतो तोच पंख्याची घरघर तंबूच्या कापडाची फडफड होते. पलंग कुठे गेला कोण जाणे. ती सतरंजीवर बसलीय आणि समोर खदीजा. चक्क मराठी बोलतेय, तेही सांगलीच्या हेलात.

"वाळलीस की गं."

"तू मात्र होतीस तशीच."

"मला आता काय धाड भरलीय?"

दोघी हसतात. हसता हसता हेमांगीला रडू फुटतं. डोळे पुसत ती कॉफी ओतून देते. खदीजा कप घेते आणि ओठाला न लावताच खाली ठेवते.

हेमांगी त्या कपाकडे बघते. खदीजाकडची रीत अशी, की पाहुण्याला काही मागायचं असलं तर तो कप तसाच खाली ठेवतो. यजमानाने हो म्हटल्यावरच पितो. पहिल्या भेटीत हेमांगीनेही ठेवला होता. ती बापडी दूध-साखरेची वाट बघत होती! आणि सगळा तंबू तिच्या मागण्याची. कुणीतरी रीत सांगितली तेव्हा ओशाळून ती म्हणाली, "मैत्री दे." खदीजाने दिली, ती शेवटपर्यंत निभावली.

"माग," आता हेमांगी म्हणते.

"दिवा लाव."

"मी त्याच्याशी बोलत नाही."

"तुमचं भांडण तुम्ही बघा. छावणीत तू सांजचं दिवा लावून पुटपुटायचीस, ते ऐकत मला झोप लागायची. शब्द एक कळायचा नाही. पण कुणीतरी आपल्यासाठी मागतंय, एवढं कळायचं. इथं फार सामसूम आहे गं."

तंबूच्या कोपऱ्यात सांगलीचं देवघर उभं आहे, धूळ खात. देवावरचा राग काही गेलेला नाही. पण मैत्रिणीला नाही कसं म्हणायचं?

"लावते."

खदीजा कप उचलते.

जाग येते. उशी ओली आहे, उन्हं उतरलीयत. काडेपेटी शोधायला हेमांगी उठते, तर पाय लागून कप लवंडतो. सांडत काहीच नाही. तळाशी नुसता ओला गाळ.