बधिर बोटांनी शिवलेल्या गोधड्या

डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितले. डावा हात टेबलावर पालथा ठेवायला लावला आणि म्हणाले, मी जिथे स्पर्श करीन तिथे दुसऱ्या हाताचे बोट ठेवा. मी डोळे मिटून बसले. बाहेर कुणाचे तरी मूल खोकत होते. बराच वेळ काहीच होईना, तेव्हा मी विचारले, "सुरू करता ना?"

"झाले," डॉक्टर म्हणाले. "डोळे उघडा."

करंगळीपासून मनगटापर्यंत टाचणीच्या खुणा होत्या. एका ठिकाणी रक्ताचा ठिपका आला होता. माझे यजमान खिडकीपाशी उभे होते. त्यांनी सगळे पाहिले होते, पण ते माझ्याकडे वळले नाहीत.

डॉक्टरांनी माझे कोपर चाचपले. म्हणाले, "ही अल्नर नर्व्ह, कोपरातली शीर. करंगळीकडच्या बोटांना स्पर्श कळतो तो हिच्यामुळे. ती सुजली आहे." मग त्यांनी आजाराचे नाव सांगितले. लेप्रसी. आपल्याकडे ज्याला महारोग म्हणतात तो.

जव्हार संस्थान विलीन होऊन तीन-चार पावसाळे झाले होते. यजमान मोखाड्याच्या शाळेत मास्तर होते. घरात आम्ही दोघे, सासूबाई आणि चार वर्षांची तारा. ज्यांच्या घरात हा आजार निघेल त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहीत आहे. म्हणून पहिली लक्षणे आधी सांगते.

दंडावर एक फिकट चट्टा आला होता. मला ते शिबे वाटले. खाज नव्हती, दुखत नव्हते. दुखत नव्हते म्हणूनच मी गप्प राहिले. या आजारात न दुखणे हेच लक्षण असते, हे तेव्हा कोण सांगणार. उन्हाळ्यात सासूबाई आणि मी गोधडी शिवायला बसलो होतो. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरून वरून बारीक धावदोरा घालायचा. सुई वर आली की खालचा हात ती पुन्हा ढकलतो. पांढऱ्या कापडावर लाल डाग दिसले, तेव्हा मी सासूबाईंना विचारले, तुमचे बोट टोचले का. त्यांनी माझा हात उलटा करून पाहिला. दोन बोटांची टोके चाळणीसारखी झाली होती. त्याच आठवड्यात यजमानांनी मला जव्हारला नेले.

डॉक्टरांनी स्मिअर घेतला, म्हणजे कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन तिथला रस काचेवर घेतला. तो तपासायला बाहेर पाठवला. निकाल येईतो मी स्वयंपाकघरात पाऊल टाकले नाही. पडवीत झोपत होते. तारा दारात उभी राहून हाका मारी आणि सासूबाई तिला आत ओढून नेत.

स्मिअर निगेटिव्ह आला. डॉक्टरांनी यजमानांना समजावले की यांच्या अंगात जंतू फार थोडे आहेत, यांच्यापासून दुसऱ्याला होण्याचे भय नाही, घरात राहून औषध घेता येईल. यजमानांनी हे शब्दन् शब्द घरी सांगितले. सासूबाईंनी ऐकून घेतले. त्या वाईट नव्हत्या. त्यांच्या बहिणीचे बोटे झडलेले हात त्यांनी लहानपणी पाहिले होते.

"दाक्तरचं खरं असंल," त्या म्हणाल्या. "पन मला ही पोर जपायची हाय."

शिवाय शाळेचा प्रश्न होता. मास्तरांच्या बायकोला महारोग झाला हे कळले असते तर पाटी घेऊन कोणी आले नसते. मला माहेरी जामसरला पाठवायचे ठरले. लोकांना सांगितले, हवापालटाला गेली. तारा झोपलेली असताना मी निघाले.

जामसरला माझे वडील, भाऊ आणि वहिनी होते. भाताच्या खळ्याशेजारी एक खोप होती, ती सारवून मला दिली. वहिनी जेवण आणून दारातल्या दगडावर ठेवी. ताट माझे वेगळे. वडील रोज सकाळी येत, आवणाच्या, म्हणजे भातखाचराच्या, कडेला उभे राहून काय हवे-नको विचारत आणि जात. बोलणे त्यांना कधीच जमले नाही.

दर पंधरवड्याला औषधासाठी जव्हारला जायचे. आम्हा महारोग्यांसाठी दवाखान्याच्या मागच्या बाजूला पत्र्याची पडवी होती, कारण पुढे बसलो तर इतर रोगी उठून जात. औषध म्हणजे डी.डी.एस.च्या गोळ्या. त्या नव्यानेच आल्या होत्या. त्याआधी कडू कवठाच्या तेलाची सुई देत, ती फार दुखे, असे जुने रोगी सांगत. गोळीने रक्त कमी होई आणि दम लागे. पडवीत आम्ही एकमेकांकडे पाहत नसू. समोर बसलेल्याचा चेहरा म्हणजे आपलाच पुढचा चेहरा असे वाटे.

तिथे रामभाऊ शिंपी भेटले. साठीचे होते. संस्थानच्या काळात शिपायांचे कोट, दरबारी मंडळींचे अंगरखे त्यांच्या हातचे असत. विलीनीकरणानंतर ते काम थांबले. गावातली शिलाई चालू होती, तीही आजार उघड झाल्यावर थांबली. त्यांनी मापे घेतलेले कपडे लोक न्यायला आले नाहीत. घरात खाकी, निळ्या आणि लाल कापडाचे तुकडे पडून होते.

त्या दिवशी माझ्या डाव्या हाताला पट्टी होती. वेळ जावा म्हणून खोपीत मी गोधडी शिवायला घेतली होती. कात्रीखाली कापडाबरोबर माझे बोट आले होते आणि हाडाला लागेपर्यंत मला कळले नव्हते. रामभाऊंनी काय झाले विचारले. मी सांगितले. त्यांनी आपला डावा हात पुढे केला. बोटे पंजासारखी आत वळली होती. उजवा मात्र धड होता. म्हणाले, त्यांना आता सुईत दोरा ओवता येत नाही, कापड चिमटीत धरता येत नाही, पण कापणे अजून जमते.

"बाई, कात्री मला द्या," ते म्हणाले. "सुई तुम्ही ठेवा."

पुढच्या खेपेला ते एक गाठोडे घेऊन आले. पत्र्याचा वीतभर चौकोन कापून त्यांनी त्याचे माप केले होते. कापड फळीवर पसरायचे, वर पत्रा, पत्र्यावर दगड, आणि कडेने कात्री चालवायची. म्हणजे दुसरा हात कात्रीच्या वाटेत येतच नाही. सगळे चौकोन एकसारखे होते. त्यांनी मला पद्धत सांगितली. दोन चौकोन उलट बाजूने जोडायचे, मग तिसरा, अशी एक ओळ. ओळीला ओळ जोडायची. खाली जुने लुगडे दुहेरी अंथरायचे आणि फक्त जोडांवरून मोठे टाके घालायचे. तुकडा कुठे बसतो ते शोधायला नको, कोपरे दुमडायला नकोत. सासूबाईंची गोधडी दोन-दोन महिने चाले. ही पुढच्या पंधरवड्याच्या आत झाली.

ज्यांची बोटे माझ्यासारखी झाली आहेत त्यांना सांगते. खालच्या हाताच्या बोटांना जाड कापडाची पट्टी गुंडाळा. शिवताना कापडाकडे नाही, सुईच्या टोकाकडे पाहा. कळायचे काम आता डोळ्यांना करायचे आहे, म्हणून दिवसाउजेडीच शिवा. उठताना दोन्ही हात उलटसुलट करून रक्त पाहा. मग हात पाण्यात भिजवून तेल लावा. कातडी कोरडी पडली की भेगा पडतात आणि भेग कळत नाही.

पहिली गोधडी मी तारासाठी शिवली. मोखाड्याला हिवाळ्यात पहाटे दात वाजतात. यजमान सुटीत आले तेव्हा ती घडी घालून त्यांच्याकडे दिली. त्यांनी ती छातीशी धरून नेली, हे मी पाहिले.

पुढच्या वेळी मी विचारले, ताराला आवडली का. ते म्हणाले, आईने ती घरात घेऊ दिली नाही. परसातल्या कुंपणावर टाकली आहे.

"अजून तिथंच आहे?"

"आहे," ते म्हणाले. "कोणी नेलीसुद्धा नाही."

त्या दिवसानंतर मी शिवणे बंद केले. रामभाऊंनी दिलेले गाठोडे कोपऱ्यात टाकले. ते पुढच्या खेपेला नवे चौकोन घेऊन आले, तर मी घेतले नाहीत. कारण सांगितले तेव्हा त्यांनी समजूत घातली नाही. पडवीत सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरची म्हातारी बसली होती. तिला घरातून काढून गोठ्यात ठेवले होते आणि ती पोते पांघरून आली होती. रामभाऊ तिच्याकडे पाहत एवढेच म्हणाले, "हिला दिलेली कुणी कुंपणावर टाकणार नाही."

मी चौकोन घेतले. त्या हिवाळ्यात पडवीतल्या लोकांसाठी एकामागून एक गोधड्या झाल्या. खाकी-निळ्या, मधे कुठे लाल. दिसायला फार चांगल्या होत्या असे म्हणणार नाही. टाके वाकडे होते. म्हातारीने आपली गोधडी अंगाभोवती घेतली आणि माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून कानशिलावर बोटे मोडली. तिला बोटे फारशी नव्हती. त्या वर्षात मला हात लावणारी डॉक्टरांनंतर ती पहिली.

पावसाळ्याच्या तोंडाशी मला लेप्रा रिअॅक्शन आली. म्हणजे अंगच जंतूंवर उलटते आणि शीर एकाएकी सुजते. ज्या हाताला टाचणी कळत नव्हती तो कोपरापासून असा पेटला की मी भिंतीला डोके घासत होते. चट्टे लाल झाले, सुजले. डॉक्टरांनी गोळ्या काही दिवस थांबवल्या, हात लाकडी फळीला बांधला. रस्ते चिखलाने बंद झाले होते, भावाने डोलीतून नेले होते. सूज उतरली तेव्हा करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट आत वळले होते. डॉक्टर म्हणाले, "आजार बरा होईल. ही बोटे सरळ होतील असे मी सांगणार नाही." खोटा धीर दिला नाही याबद्दल मी आजही त्यांचे उपकार मानते.

बरी होऊन पडवीत गेले तर रामभाऊ नव्हते. कंपाउंडर म्हणाले, त्यांच्या पुतण्यांनी त्यांना दूरच्या कुठल्याशा महारोग्यांच्या आश्रमात नेऊन सोडले. कोणत्या, ते त्यांना माहीत नव्हते. यजमानांनी पुतण्यांकडे चौकशी केली. त्यांनी दार उघडले नाही. रामभाऊ पुढे किती जगले, मला माहीत नाही. पत्र्याचा चौकोन ते कंपाउंडरपाशी माझ्यासाठी ठेवून गेले होते.

तो घेऊन मी खोपीत आले आणि ठेवून दिला. एका हाताने कापणे जमेना. दगड उचलून नीट ठेवायलाही दुसरा हात लागतो.

काही दिवसांनी वडील सकाळी आले. नेहमीसारखे कडेला उभे राहिले. मग खोपीत आले. सगळ्या काळात पहिल्यांदा. माझ्यासमोर बसले, पत्रा हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"दाव मला," ते म्हणाले, "कसं कापायचं."

मी दाखवले. नांगर धरणारे हात ते. कात्रीच्या कड्यात अंगठा जाईना. पहिले चौकोन तिरके गेले. ते बाजूला ठेवून त्यांनी पुढचे कापड पसरले. दुपार झाली तेव्हा वहिनी ताट घेऊन आली आणि वडिलांना आत बसलेले पाहून दगडापाशी थांबली. वडील म्हणाले, दोघांचं इथंच आण. तिने आणले. ताटे तिने आत, आमच्या पुढ्यात ठेवली. त्या दिवसापासून दगडावर जेवण ठेवणे बंद झाले.

वडील चौकोन कापत, मी शिवत असे. चेहरे झाकून येणाऱ्या लोकांना वडील स्वतः जव्हारला येऊन गोधड्या देत. पुढे छातीत कळ येऊन ते वारले. मला त्यांच्या पायांना हात लावू दिला. एवढे मिळाले.

डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या तेव्हा तारा आठ वर्षांची होती. तपासणी होऊन त्यांनी यजमानांच्या हातात कागद दिला आणि म्हणाले, आता यांना घरी न्या. सासूबाई थकल्या होत्या. मला पाहून त्या उठून बसल्या, हात जोडले आणि तोंड फिरवून रडल्या. मीही हात जोडले.

ताराने मला ओळखले नाही असे नाही. सुटीत दुरून दोन-तीनदा तिने मला पाहिले होते. पण ती मला अहो-जाहो करी. "तुम्हाला पाणी देऊ का", "तुम्ही बसा". पाहुण्या बाईशी बोलावे तसे. शेजारणी म्हणत, पोर किती वळणाची आहे. मी हसत असे. तिच्या केसांना हात लावायचा धीर मला होत नव्हता. आजार गेला होता, पण चार वर्षे कुणाला न शिवण्याची सवय माझ्याच अंगात मुरली होती.

एके दिवशी संध्याकाळी मी नागलीच्या भाकऱ्या करत होते. तारा उंबऱ्यावर पाटी घेऊन बसली होती. सासूबाईंनी आतून काही विचारले म्हणून मी वळून बोलत होते. डावा हात तव्याच्या कडेला टेकला होता. मला काहीच कळले नाही.

"आई, हात काढ," तारा ओरडली. "भाजतोय तुझा हात."

तिने धावत येऊन माझे मनगट ओढले आणि हात माठातल्या पाण्यात बुडवला. कातडी सोलून निघाली होती. मला कळ नव्हती, आणि तीच हमसून रडत होती. तिने हात सोडला नाही. मी दुसरा हात तिच्या पाठीवर ठेवला. तव्यावरची भाकरी करपली, तरी आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.