तीन वॅट आणि आजन्म परवाना

कोल्हापुरात कुणाच्या घरी नवा टेप आला की बघायला येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती वॅटचा?" आवाज कसा आहे हे नंतर, किंवा कधीच नाही. आमच्या गल्लीतल्या मंडळानं एका गणपतीत स्पीकरची अशी भिंत रचली होती की माझ्या मांडणीवरची पातेली आपोआप पुढं सरकत होती. मी तक्रार करायला गेले, तर पुढच्या वर्षी वर्गणी मागताना पोरं तीच पातेल्यांची गोष्ट घरोघर अभिमानानं सांगत फिरली. अशा गावात आमच्या ह्यांनी, नव्वदच्या दशकात, तीन वॅटचा ॲम्प्लिफायर बनवला.

हे टेलिफोन खात्यात होते. जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे व्हॉल्व्ह कुठून कुठून जमवून, रविवारमागून रविवार घालवून त्यांनी तो जोडला. चालू केला की व्हॉल्व्ह हळूहळू नारिंगी पेटायचे आणि हे समोर मांडी घालून बसायचे. मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते, त्यामुळे कारागिरीबद्दल मला आदर होता. फक्त तो वाजत नव्हता. म्हणजे वाजायचा, पण शेजारच्या घरात कुणी गोधडी पांघरून गातंय असा. गल्लीतले लोक मुद्दाम बघायला यायचे. "तीन वॅट? ह्यात झिरोचा बल्ब बी लागायचा न्हाई की ओ," असं एकानं तोंडावर सांगितलं, आणि ते शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होतं.

ह्यांचं म्हणणं, दोष ॲम्प्लिफायरचा नाही, स्पीकरचा आहे. बाजारातले स्पीकर अंगानं जड, त्यांना ढकलायला ताकद लागते. तीन वॅटला फुंकरीनं हलणारे, हलक्या कागदी पडद्याचे, पुढं कर्णा असलेले स्पीकर हवेत. मोठे ॲम्प्लिफायर नव्हते त्या काळी सिनेमाच्या थिएटरात तसले असायचे, आणि तेवढ्याशा ताकदीवर अख्खं थिएटर भरायचं. मग हे तसले स्पीकर शोधत हिंडू लागले. स्थळं बघायला जावं तसे जायचे आणि नकार देऊन यायचे. एकाचा पडदा उंदरानं खाल्लेला, एकाची पेटी वाळवीनं. असं करता करता शतक उलटलं, आमची मुलगी लग्न होऊन सासरी गेली, पण स्पीकरचं काही जमेना.

माझ्यामागं तोवर दुसरंच लागलं होतं. गल्लीच्या तोंडाशी देशी दारूचं दुकान होतं आणि माझ्या शाळेच्या मुली त्याच्यासमोरून यायच्या. आपल्या राज्यातला दारूचा कायदा मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचला आणि वाचून थक्क झाले. दुकानाला परवानगी सरकारच देतं, आणि बायकांनी अर्ज केला तर ते बंद करायचं का, हे विचारायला मतदानही सरकारच घेतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, एक उभी बाटली आणि एक आडवी. दुकान हवं त्यांनी उभीवर शिक्का मारायचा, नको त्यांनी आडवीवर. यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी बाटली आडवी करायला हवी, म्हणजे जी बाई घरात भाकऱ्या थापत बसली ती दुकानाच्या बाजूची. त्याच कायद्यात असंही आहे की परवान्याशिवाय कुणी एक घोटही घ्यायचा नाही, आणि तो परवाना मिळतो प्रकृतीच्या जपणुकीसाठी. आमच्या गल्लीतले बाप्ये वर्षानुवर्षं विनापरवाना प्रकृती जपत होते.

मी मास्तरीण, आवाज खणखणीत, त्यामुळे पुढारीपण आपसूक माझ्याकडं आलं. पहिल्याच सभेत मी ठणकावून सांगितलं, की माझ्या घरात दारूचा थेंब येत नाही, म्हणून बोलायचा मला हक्क आहे. दुकानदार वस्ताद. त्यानं उलट काही न बोलता एवढंच पसरवलं, की बाईंनी आधी स्वतःचं घर बघावं. मी म्हटलं, या आणि बघा. मतदानाचा रविवार ठरला आणि नेमकं त्याच्या आदल्या रविवारी ह्यांना स्पीकर मिळाले.

चंदगडला एक टॉकीज बंद पडली होती आणि तिच्या म्हाताऱ्या ऑपरेटरकडं पडद्यामागचे दोन स्पीकर जसेच्या तसे होते. मी सोबत गेले, कारण एकट्याला सोडलं असतं तर ह्यांनी खुर्च्याही आणल्या असत्या. पेट्या बघून मला घाम फुटला. आमच्या गोदरेजच्या कपाटाएवढ्या दोन, वर लोखंडी कर्णे. ह्यांनी मांडीवरून नेलेला ॲम्प्लिफायर जोडला, गाणं लावलं आणि रडायला लागले. खरंच रडायला लागले. लग्नात माझी पाठवणी झाली तेव्हा हे शेजारी उभं राहून घड्याळ बघत होते, त्यामुळे मला ते जरा लागलंच.

ऑपरेटरनं आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. पावणं रिकाम्या हातानं जायचं न्हाई, असं तो दोनदा म्हणाला आणि मला काजूची पिशवी दिली. आम्ही जेवत होतो तेवढ्यात त्याच्या माणसांनी पेट्या टेम्पोत चढवल्या.

गोव्याकडून येणाऱ्या त्या रस्त्यावर दारूबंदीवाल्यांचा नाका होता. एवढाल्या लाकडी पेट्या बघून साहेब उठून उभेच राहिले. मागची फळी उघडा म्हणाले. हे म्हणाले, फळी उघडायची नाही, पेटी कसून बंद असते तेव्हाच खालचे स्वर नीट उमटतात. साहेबांनी आयुष्यात पुष्कळ सबबी ऐकल्या असतील, पण ही नवी होती. तेवढ्यात त्यांच्या शिपायानं माझ्याकडं निरखून बघितलं. "बाई, तुम्ही त्या आडव्या बाटलीवाल्या न्हवं?"

मतदान घेणारं खातं आणि नाक्यावरचं खातं एकच, हा तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अर्ज घेऊन मी त्यांच्या कोल्हापूरच्या हाफिसात इतके हेलपाटे घातले होते की तिथला शिपाईन् शिपाई मला ओळखत होता, आणि त्यातलाच एक आता नाक्यावर होता. मी म्हटलं, हो, तीच मी, आणि आमच्याकडं काही सापडायचं नाही. शेवटी ह्यांनीच तोडगा काढला की पेट्यांत स्पीकरच आहेत हे वाजवून दाखवतो.

नाक्याच्या पत्र्याच्या खोलीतून वायर ओढली. व्हॉल्व्ह तापेपर्यंत मागं गाड्यांची रांग लागली. मग गाणं सुरू झालं आणि ट्रकचे ड्रायव्हर खाली उतरून उभे राहिले. साहेबांनी किती वॅट म्हणून विचारलं, ह्यांनी तीन सांगितल्यावर त्यांनी ॲम्प्लिफायरच्या खाली वाकून बघितलं, आणखी कुठं काही लपवलंय का. पण खूश झाले. आडवा बांबू वर करायला शिपायाला खूणही केली. मी टेम्पोत चढून बसले.

आणि आमच्या ह्यांनी हात वर केला.

"थांबा. डाव्या पेटीत काहीतरी खडखडतंय."

कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. साहेबांनी तसं सांगितलं. पण हे ऐकतील तर ना! त्यांनी गाणं मागं घेतलं, पुन्हा लावलं, साहेबांना कान पेटीला लावायला सांगितलं, आणि मघाशी जी फळी जीव गेला तरी उघडणार नव्हते ती स्वतःच्या खिशातल्या पान्यानं स्वतः उघडली. आत जुन्या लुगड्यात गुंडाळलेल्या तीन बाटल्या होत्या. तिन्हींवर गोव्याच्या विलायती दारूची लेबलं.

मी टेम्पोतून खाली उतरले. पुढच्या रविवारी कोण कशाला बाटली आडवी करतंय? दुकानदार तर साखर वाटेल. बाटल्या कुणाच्या, असं साहेबांनी विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत हे पुढं झाले. ह्यांनी लग्नानंतर घरातल्या एकाही गोष्टीची जबाबदारी आपण होऊन घेतलेली मला आठवत नाही. गॅस संपला तरी तो माझ्यामुळं. पण त्या दिवशी म्हणाले, "माझ्या आहेत. हिला काही माहीत नाही. माझ्याकडं परवाना आहे."

आणि पाकिटातून, माझ्या फोटोच्या मागून, खरोखरच परवाना काढला. आजन्म. प्रकृतीच्या जपणुकीसाठी.

त्यावरचं नाव मी दोनदा वाचलं. साहेबांनी परवाना उलटासुलटा वाचला आणि शांतपणे सांगितलं, की हा चालतो, पण महाराष्ट्रातल्या मालाला. गोव्याच्या मालानं ह्यावर प्रकृती जपता येत नाही. मग त्यांनी एका बाटलीचं बूच उघडलं आणि ती तिरकी केली. काही पडेना. आणखी तिरकी केली, तेव्हा एक जाड सोनेरी धार सावकाश खाली उतरली. साहेबांनी बोट लावून चाटलं.

"मध हाय की हो."

चंदगडच्या रानातला मध. त्या ऑपरेटरनं पाहुण्यांची वाट गोड व्हावी म्हणून गुपचूप ठेवलेला, आणि आपल्याकडं मध, काकवी, तेल जे काही भरायचं ते दारूच्याच बाटलीत भरतात, कारण बूच घट्ट बसतं. माझ्याही घरी फिनेल तसल्याच बाटलीत होतं. शिपायानं चाखला, टेम्पोवाल्यानं चाखला, दोन ट्रक ड्रायव्हरांनी चाखला. एक बाटली पुढच्या तपासणीसाठी नाक्यावर राहिली. बाटल्या निर्दोष सुटल्या. परवाना मात्र बाहेर आला तो आलाच.

राधानगरीचा फाटा आला. मग मी परवान्याचं विचारलं. तर म्हणे, खात्यातल्या एकाच्या निरोपाची पार्टी पन्हाळ्याला होती. सगळे बिनपरवाना प्यायला बसणार होते, पण ह्यांना नियम मोडणं जमत नाही. म्हणून ह्यांनी रीतसर अर्ज केला. परवाना हातात येईपर्यंत पार्टी होऊन गेली, निरोप घेतलेला माणूस गावी जाऊन शेतीला लागला. मग परवाना वाया जाऊ नये म्हणून हे एकदा एकटेच हॉटेलात जाऊन आले.

"आणि?"

"कडू लागली."

मला हसू येत होतं आणि संतापही अनावर झाला होता. अख्ख्या कोल्हापुरात परवाना काढलेला बहुधा एकच माणूस, तो पीत नाही, आणि तो माझ्या नशिबी.

घरी पेट्या बसवल्या. बाटल्या काढून टाकल्या होत्या, तरी खडखड होतीच. म्हणजे तो बिचारा मध आधीपासूनच निरपराध होता. कर्णा जिथं पेटीला बसतो तिथं एका बाजूला फट पडली होती. ह्यांनी पोस्टकार्ड घालून बघितलं, पातळ झालं. पुठ्ठा जाड झाला. मी भाजी निवडता निवडता म्हटलं, तो परवाना घालून बघा. ह्यांनी पाकीट काढलं. मग त्यांनी घडी घातली, फटीत सारली, स्क्रू आवळला, आणि खडखड थांबली.

टेम्पोवाल्याच्या तोंडात तीळ भिजला नाही. शनिवारच्या सभेपर्यंत गोष्ट गल्लीभर झाली होती, आणि दुकानदारानं तिच्यातला मध तेवढा गाळला होता. सभेत एक बाई उठली आणि तिनं सरळ विचारलं, मालकांकडं दारूचा परवाना हाय म्हणत्यात, खरं काय? पुढच्या बायका खाली बघायला लागल्या. मला खोटं बोलता आलं असतं. पण दुसऱ्या दिवशी माझ्या शब्दाच्याच भरवशावर मी बायकांना घराबाहेर काढणार होते, आणि नाक्यावर हा माणूस माझ्यासाठी तीन बाटल्या अंगावर घेऊन उभा राहिला होता. मी म्हटलं, खरं आहे, घरी चला, दाखवते.

सगळी सभा आमच्या घरात. हे गाणं ऐकत बसले होते, एवढ्या बायका बघून उठून भिंतीला लागले. मी त्यांना परवाना दाखवायला सांगितलं. त्यांनी स्क्रू सैल करून तो बाहेर काढला. एकीनं वाचला, दुसरीनं वाचला, तिसरीनं ह्यांच्या प्रकृतीकडं पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. गाणं चालूच होतं, आणि आता कर्णा पत्र्याच्या डब्यासारखा खडखडत होता. ह्यांना ते सहन होईना. परवाना कुठं आहे, मिळेल का, असं ते कळवळून विचारू लागले. परवान्यासाठी एवढा कासावीस झालेला माणूस बघून बायका एकमेकींकडं बघू लागल्या.

कोपऱ्यातली म्हातारी, जिच्या घरी दारूनं एक मुलगा गेला होता, उठली. तिनं तो कागद घेतला आणि ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी घाईघाईनं घडी घालून तो फटीत बसवला. खडखड थांबली. गाणं घरभर पसरलं, दारातून गल्लीत गेलं.

"तिथंच असू दे बाबा," म्हातारी म्हणाली. "ह्यो बाहीर आला की घर खडखडतंय."

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी रांगेत उभी होती, आणि एकीलाही तिनं घरात भाकऱ्या थापत बसू दिलं नाही. बाटली आडवी झाली. परवाना अजून तिथंच आहे.