वेटिंग रूममधलं व्हायोलिन

आज मुलीने ड्रायव्हिंग शिकताना गाडीत संथ व्हायोलिन लावलं आणि मी दाराचं हँडल घट्ट धरलं.

तिच्या जन्माच्या वेळी हॉस्पिटलच्या वेटिंग रूममध्ये हेच वाजत होतं. बायकोला ऑपरेशनसाठी आत नेलं होतं. नागपूरहून इथे परदेशात आलेल्या आईने माझं मनगट घट्ट धरलं.

"कोण गेलं रे?"

आपल्याकडे कुणी मोठा नेता गेला की रेडिओवर दिवसभर असंच वाजायचं.

"कुणी नाही, आई. शांत वाटावं म्हणून लावतात."

समोरच्या स्क्रीनवर ती धून रचणाऱ्या जुन्या जर्मन संगीतकाराचं नाव होतं. मी फोनवर त्याचं चरित्र उघडलं. त्याची कितीतरी मुलं पाळण्यातच गेली होती.

"काय लिहिलंय?" आईने विचारलं.

"लेकुरवाळा होता म्हणे," म्हणत मी फोन खिशात टाकला.

"बाबा, रिलॅक्स!" आता स्टिअरिंगमागून मुलगी म्हणाली आणि तिने आवाज वाढवला.